गप्प केलेली जनुके : बुरशीतील आरएनए सायलेन्सिंगची प्रस्तावना

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा सोडले की जिते लागते, मग हमरापूर, मग पेण. पावसाळ्यात या पट्ट्यात रुळाच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसतात. लावणी होऊन फुटवे धरले, आभाळ भरून राहू लागले, रिमझिम थांबेना आणि रात्री गारठा जाणवू लागला की इथला शेतकरी खाचरात उतरून पाने बघू लागतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असा ठिपका दिसला की करपा आला. पानावरचा करपा एकवेळ निभावून नेता येतो. तोच लोंबीच्या मानेवर उतरला तर मान काळी पडते, दाणा भरत नाही आणि कापणीला हाती येते ते पोचट भात.

हा रोग करणाऱ्या बुरशीचे नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा बीजाणू तीन पेशींचा, एका टोकाला निमुळता. ओल्या पानावर पडला की टोकाकडच्या चिकट द्रवाने तो घट्ट बसतो, अंकुर काढतो आणि अंकुराच्या टोकाशी एक घुमटाकार पेशी तयार करतो. या पेशीच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठते, बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि दाब वाढत वाढत वातावरणाच्या ८० पटींपर्यंत जातो. त्या दाबाने एक बारीक खिळा पानाची त्वचा भेदून आत शिरतो. मेलॅनिनचा थर नसेल तर दाब टिकत नाही आणि खिळा आत जात नाही. शेतकरी फवारतो ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही, ते मेलॅनिन तयार होण्याची एक पायरी अडवते. बुरशी पानावरच राहते, आत जाऊ शकत नाही. म्हणूनच ते रोग पसरण्याआधी फवारावे लागते. याच औषधाच्या तांदळातील अवशेषांची मर्यादा युरोपीय संघाने २०१८च्या सुरुवातीपासून किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि आपल्या बासमतीच्या निर्यातदारांची झोप उडाली.

मेलॅनिनची ती पायरी कोणत्या जनुकामुळे चालते, दाब कोण सांभाळतो, पान ओळखण्याचे काम कोण करतो, हे कसे कळते? या बुरशीचा संपूर्ण जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११,००० जनुके आहेत. यादी हाती आली, पण यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहिलेले नव्हते. ते शोधण्याच्या एका मार्गाबद्दल हे पुस्तक आहे. जनुक तोडायचे नाही, त्याचा आवाज बंद करायचा आणि बुरशीचे काय बिघडते ते पाहायचे.

मार्गाचे नाव आरएनए सायलेन्सिंग. त्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचे सगळे पुस्तक तिच्यावर उभे आहे. हे तंत्र शास्त्रज्ञांनी बनवलेले नाही. बुरशीने ते स्वतःसाठी, स्वतःच्या शत्रूंविरुद्ध तयार ठेवलेले होते. आपण ते उसने घेतो. उसने घेतलेल्या वस्तूचा मूळ मालक तिचे काय करत होता हे ठाऊक नसेल तर ती आपल्या हातात कधी चालेल, कधी दगा देईल आणि कधी मुळात असणारच नाही, यांपैकी काहीच कळत नाही. प्रयोगशाळेत वाया गेलेले कितीतरी महिने या एका अज्ञानापोटी गेलेले असतात.

शोधाची हकीगत रोममध्ये सुरू होते. न्यूरोस्पोरा क्रासा ही भडक नारिंगी रंगाची बुरशी जनुकशास्त्राला जुनी ओळखीची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पावावर तिने धुमाकूळ घातला होता, इंडोनेशियात तिच्याच भावंडांपासून ओंचोम हा खाद्यपदार्थ करतात, आणि १९४१ साली जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम यांनी तिच्यावरच काम करून एका जनुकाचा एका एन्झाइमशी संबंध जोडून दाखवला. १९५८च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता. तिचा नारिंगी रंग कॅरोटिनॉइडचा. तो बनवणाऱ्या जनुकांपैकी एकाचे नाव अल्बिनो-१, कारण ते बिघडले की बुरशी पांढरी पडते.

निकोलेट्टा रोमानो आणि जुझेप्पे माचिनो यांनी धडधाकट नारिंगी बुरशीत याच जनुकाचे जादा तुकडे घातले. जनुक वाढले म्हणजे रंग वाढावा किंवा निदान आहे तसा राहावा. झाले उलटे. बऱ्याच वसाहती पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या पडल्या. बाहेरून घातलेल्या प्रतीने आतल्या मूळ प्रतीलाही गप्प केले होते. यातल्या काही वसाहती पुढे पुन्हा नारिंगी झाल्या, म्हणजे जनुक शाबूत होते, तुटलेले नव्हते. १९९२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि या प्रकाराला ‘क्वेलिंग’ हे नाव मिळाले.

त्याच्या दोन वर्षे आधी पेटुनियाच्या फुलांत असेच घडले होते. जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाचे जादा जनुक घातले आणि फुले पांढरी उमलली. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दुपदरी आरएनए टोचून जनुक गप्प होते हे दाखवले, आणि २००६चे नोबेल त्यांना मिळाले. पाठ्यपुस्तके सहसा पेटुनियावरून थेट कृमीवर उडी मारतात. मधली बुरशी गळते. हे मला अन्यायाचे वाटते, कारण सगळ्यात महत्त्वाचा एक पुरावा बुरशीनेच दिला होता.

तो पुरावा असा. बुरशीचे दोन तंतू एकमेकांत मिसळू शकतात. मग एकाच पेशीद्रवात दोन वेगवेगळ्या वंशांची केंद्रके शेजारी-शेजारी नांदतात. कार्लो कोगोनी, माचिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गप्प झालेल्या पांढऱ्या वंशाचे केंद्रक आणि धडधाकट नारिंगी वंशाचे केंद्रक असे एकत्र आणले. नारिंगी वंशात जादा प्रत नव्हती, त्याच्या डीएनएला कोणी हात लावलेला नव्हता. तरी त्याचा रंगही दबला. म्हणजे एका केंद्रकातून दुसऱ्याकडे पेशीद्रवातून काहीतरी जात होते, आणि डीएनएने डीएनएला स्पर्श करण्याची गरज नव्हती. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले, कृमीवरच्या प्रयोगाच्या दोन वर्षे आधी. पेशीद्रवातून फिरणारी ती गोष्ट म्हणजे आरएनए हे पुढे उघड झाले.

त्यानंतर रोमच्या या गटाने गप्प होणे विसरलेले म्युटंट जमवले आणि त्यांतून एकेक पुर्जा वेगळा केला. क्यूडीई-१ हे आरएनएवरून आरएनए बनवणारे एन्झाइम. क्यूडीई-३ हे डीएनएचा पीळ उलगडणारे, माणसातल्या वर्नर आणि ब्लूम सिंड्रोमशी संबंधित एन्झाइमांच्या कुळातले. क्यूडीई-२ हे आर्गोनॉट कुळातले. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत ही तिन्ही नावे पुढे आली. दुपदरी आरएनए कापणारे दोन डायसर नंतर सापडले. सगळे मिळून चित्र असे होते: दुपदरी आरएनए तयार झाला की डायसर त्याचे २१ ते २५ अक्षरांचे तुकडे करतो. आर्गोनॉट एक तुकडा उचलतो, त्याचा एक पदर टाकून देतो आणि उरलेल्या पदराशी जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधत फिरतो. जुळला की तोडतो. जनुक जागेवर असते, त्याची नक्कलही निघत असते, पण ती नक्कल प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचत नाही.

बुरशीला हे कशासाठी हवे होते? दुपदरी आरएनए निरोगी पेशीत फारसा नसतो. तो बहुधा विषाणूचा असतो किंवा जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या जनुकांचा. चेस्टनटच्या झाडांना मारणाऱ्या क्रायफोनेक्ट्रिया बुरशीत डायसर काढून टाकला की विषाणू तिला जेरीस आणतो, हे २००७ साली दिसून आले. न्यूरोस्पोराकडे तर पहाऱ्याचे तीन-तीन थर आहेत. लैंगिक चक्रात, अर्धसूत्री विभाजनाच्या आधी, ती जीनोममधले दोनदा आलेले तुकडे शोधून त्यांत उत्परिवर्तने घडवते. एरिक सेलकर यांच्या गटाने १९८७ साली दाखवलेला हा ‘रिप’ डीएनएवरच घाव घालतो, म्हणून तो सायलेन्सिंग नव्हे, पण हेतू तोच. दुसरा थर क्वेलिंग, साध्या वाढीच्या काळातला. तिसरा अर्धसूत्री विभाजनाच्या वेळचा: जोडीदार नसलेले जनुक दिसले की त्याच्या सर्व प्रती गप्प करायच्या. हा २००१ साली पॅट्रिक शिऊ, नंबूरी राजू, डेनिस झिक्लर आणि रॉबर्ट मेट्झेनबर्ग यांनी मांडला. रिप आणि हे अर्धसूत्री सायलेन्सिंग या दोन्हींवर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत दुर्गादास कसबेकर यांच्या गटाने दीर्घकाळ काम केले आहे. भारतात बसून न्यूरोस्पोराचे जनुकशास्त्र किती खोलवर नेता येते, हे पाहायचे असेल त्याने ते शोधनिबंध जरूर वाचावेत.

फिशन यीस्टवर काम करणारा संप्रदाय वेगळाच. तिथे लहान आरएनए संदेश तोडण्यापुरते थांबत नाहीत, ते गुणसूत्राच्या मध्यभागी जाऊन तिथला डीएनए घट्ट गुंडाळायला लावतात. २००२ साली रॉब मार्टिनसन आणि शिव ग्रेवाल यांच्या गटांनी हे प्रसिद्ध केले. या शाखेला पुस्तकात मी मुद्दाम कमी जागा दिली आहे. ती सुंदर आहे, पण एखाद्या जनुकाचे काम शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिची पहिल्या दिवशी गरज पडत नाही.

गरज पडते ती पुढच्या गोष्टीची. पाव फुगवणारे आपले नेहमीचे यीस्ट, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, हे सगळे गमावून बसले आहे. त्याच्याकडे डायसर नाही, आर्गोनॉट नाही. मक्याला गाठी आणणारी उस्टिलॅगो मेडिस तशीच. तिची जवळची नातेवाईक, बार्लीवरची काणी, मात्र ही यंत्रणा राखून आहे. इतकी उपयोगी गोष्ट कोणी टाकून का देईल? यीस्टच्या बाबतीत उत्तर सापडले आणि ते विलक्षण आहे. काही यीस्टमध्ये एक ‘मारेकरी’ विषाणू राहतो. त्याचा जीनोम दुपदरी आरएनएचा. तो यजमान यीस्टला मारत नाही, उलट शेजारच्या यीस्टला मारणारे विष बनवून देतो. सायलेन्सिंग चालू असेल तर हा पाहुणा टिकत नाही. २०११ साली डेव्हिड बार्टेल आणि जेराल्ड फिंक यांच्या गटांनी दुसऱ्या यीस्टचे डायसर आणि आर्गोनॉट सॅकॅरोमायसिसमध्ये घातले. यंत्रणा पुन्हा सुरू झाली आणि मारेकरी विषाणू नाहीसा झाला. निसर्गातही ज्या यीस्टकडे असे विषाणू आहेत त्यांच्याकडे सायलेन्सिंग नाही. पहारेकरी काढला तर चोर येतात, पण त्यांच्याबरोबर एक शस्त्र घेऊन येणारा मित्रही येतो, आणि काही कुळांनी हा सौदा पत्करला.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असते: आपल्या बुरशीचा जीनोम उघडा आणि डायसर व आर्गोनॉट आहेत का ते आधी बघा. हे काम एका दुपारचे आहे. ते न करता वर्षभर वेक्टर, म्हणजे जनुक बुरशीत पोचवणारी डीएनएची वाहने, बांधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता तंत्राकडे. एखाद्या जनुकाचा काहीशे अक्षरांचा तुकडा घ्यायचा, तो एकदा सुलट आणि एकदा उलट असा शेजारी ठेवायचा, मधे इंट्रॉनचा तुकडा घालायचा. याची नक्कल निघाली की ती स्वतःवरच दुमडते आणि केसांच्या पिनेसारखा दुपदरी आरएनए तयार होतो. पुढचे काम बुरशीची यंत्रणा करते. जपानच्या कोबे विद्यापीठात हितोशी नाकायाशिकी यांच्या गटाने २००३ साली करपा बुरशीत सायलेन्सिंग चालते हे दाखवले आणि २००५ साली पीसायलेंट-१ हा तयार वेक्टर दिला. तुकडा घालण्याची जागा त्यात आधीच आखलेली होती. नवख्या विद्यार्थ्यालाही तो वापरता येण्यासारखा होता, म्हणून जगभर गेला. पुढे २००८ साली त्याच गटाने करपा बुरशीतली कॅल्शियम-संदेशांशी संबंधित ३७ जनुके एकामागून एक गप्प करून त्यांचा वाढीशी, बीजाणूंशी आणि रोग करण्याच्या ताकदीशी संबंध तपासला. त्यांची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिरवे चमकणारे प्रथिन असलेली बुरशी घ्यायची आणि ज्या जनुकाला गप्प करायचे त्याच्याबरोबर चमकेचे जनुकही त्याच दुपदरी आरएनएत बांधायचे. सूक्ष्मदर्शकाखाली जी वसाहत मंद झाली तिच्यात सायलेन्सिंग झाले, बाकीच्या बाजूला ठेवायच्या.

जनुक सरळ काढून का टाकू नये, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. आता तर जनुक नेमके कापणारे क्रिस्पर आहे, मग अधिकच येतो. काढता येत असेल तर जरूर काढावे. न्यूरोस्पोरात डीएनए जोडण्याची एक यंत्रणा बंद केल्यावर जनुक नेमके काढणे फार सोपे झाले आणि त्यातून हजारो जनुकांच्या म्युटंटांचा संग्रह उभा राहिला. पण जे जनुक काढले की बुरशी मरते, त्याचे काम काढून कळत नाही. आमच्या खारपट्ट्यात बांधाला उघाडी असते. बांध फोडला तर शेत बुडते आणि पाण्याबद्दल काही कळत नाही. उघाडीची फळी बोटभर खाली-वर केली तर कोणत्या खाचराला किती पाणी लागते ते समजते. सायलेन्सिंग फळी खाली करण्यासारखे आहे. जनुकाचा आवाज दहा टक्क्यांवर, तीसवर, सत्तरवर आणता येतो आणि प्रत्येक पातळीला बुरशी कशी वागते ते पाहता येते. शिवाय एकाच कुळातली चार सारखी जनुके एकाच तुकड्याने एकदम गप्प करता येतात. आणि काही बुरशींत नेमकी अदलाबदल मुळात दुर्मीळ असते. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढणारी, माणसाच्या फुप्फुसात शिरणारी हिस्टोप्लाझ्मा अशीच. तिच्या भिंतीतल्या एका ग्लुकानवर तिची घातकता अवलंबून आहे, हे २००४ साली सायलेन्सिंगच्याच साहाय्याने दाखवले गेले.

या तंत्राची दुसरी बाजूही मी लपवत नाही. एकाच वेक्टरने बनवलेल्या वीस वसाहतींत गप्प होण्याची मात्रा वीस प्रकारची असू शकते. काही वसाहती पिढ्यांगणिक पुन्हा बोलू लागतात, कारण जादा प्रती बुरशी हळूहळू टाकून देते. २१ अक्षरांचा एखादा तुकडा भलत्याच जनुकाशी जुळला तर दोष त्याचा आणि आळ याचा, असे होते. म्हणून संदेशवाहक आरएनए किती उरला हे मोजल्याशिवाय, निदान दोन वेगळ्या तुकड्यांनी तोच परिणाम मिळाल्याशिवाय आणि रिकाम्या वेक्टरशी तुलना केल्याशिवाय कोणतेही जनुक ‘रोगासाठी आवश्यक’ ठरवू नये. छापून आलेल्या निबंधांतही हे तिन्ही एकत्र नेहमी सापडत नाहीत.

हा विषय आत्ता मराठीत का आणावा, याची माझ्यापाशी तीन कारणे आहेत.

पहिले कारण २०२१च्या उन्हाळ्याचे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हाहाकार केला. डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले, अँफोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्या महिन्यांत ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरात पोचला, बुरशीबद्दलची माहिती मात्र पोचली नाही. आपल्याकडे या आजारामागे बहुतेक वेळा रायझोपस असते. तिच्याच गणातल्या म्युकर सर्सिनेलॉइडिसवर स्पेनमधील मुर्सिया येथे सायलेन्सिंगचा सखोल अभ्यास झाला, आणि २०१४ साली सिल्व्हिया कालो, जोसेफ हाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. एफके५०६ या औषधाने बुरशीची वाढ रोखली जाण्यासाठी बुरशीचेच एक प्रथिन लागते. काही वंशांनी त्या प्रथिनाचे जनुक उत्परिवर्तनाने मोडले आणि ते कायमचे वाचले. पण काहींनी जनुक न मोडता स्वतःच्याच सायलेन्सिंग यंत्रणेने ते गप्प केले. औषध काढून घेतले की थोड्याच दिवसांत ते जनुक पुन्हा बोलू लागले. अशा वंशाचा डीएनए वाचला तर प्रतिकाराची खूण सापडणार नाही. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, एका औषधाबाबतचा, आणि तो रुग्णालयातल्या प्रत्येक अपयशाला लावणे चूक होईल. पण प्रतिकार म्हणजे फक्त उत्परिवर्तन, या शिकवणीला त्याने तडा दिला आहे, आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात तो शिकवला गेला पाहिजे.

दुसरे कारण अन्नातल्या विषाचे. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी पाड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन यकृताचा आजार पसरला आणि शंभरावर माणसे दगावली. मारणारे विष अफ्लाटॉक्सिन, ॲस्परजिलस फ्लेव्हसने बनवलेले. भुईमुगाच्या शेंगेतही तेच असते. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भुईमुगात असा दुपदरी आरएनए बसवला की दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीची विष बनवणारी जनुके गप्प व्हावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दाण्यांतले विष अत्यंत कमी झाले. इथे लक्ष द्यायचे ते यावर: रोप फक्त आरएनए देते, विष बंद करण्याचे काम बुरशी स्वतःच्या हाताने करते.

तिसरे कारण फवारणीचे, आणि इथे मी सावध आहे. २०१६ साली जर्मनीतील गीसेनच्या गटाने बार्लीच्या पानांवर दुपदरी आरएनए फवारला. त्याचे लक्ष्य फ्युजॅरियम बुरशीतली तीच जनुके होती ज्यांच्या प्रथिनांवर प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलसारखी औषधे काम करतात. रोग घटला. फवारा न पडलेल्या पानाच्या भागातही घटला, आणि तिथल्या परिणामासाठी बुरशीचा स्वतःचा डायसर आवश्यक होता. त्याआधी, २०१३ साली, हेलिंग जिन यांच्या गटाने करड्या बुरशीत याची उलट बाजू दाखवली होती: ती बुरशी आपले लहान आरएनए झाडात सोडते आणि झाडाची संरक्षक जनुके गप्प करते. दोन्हीकडून आरएनएची ये-जा चालू आहे. द्राक्षावरची भुरी, भातावरचा करपा, केळीवरचा करपा यांना रासायनिक औषधांऐवजी असा फवारा मिळाला तर कोणाला नको आहे? पण सगळ्या बुरशी बाहेरचा आरएनए सारख्या प्रमाणात आत घेत नाहीत, काही जवळजवळ घेतच नाहीत. उन्हात आणि पावसात तो लवकर विघटतो, आणि कोकणातला पाऊस हा काही किरकोळ अडथळा नव्हे. शिवाय काही बुरशींनी उत्क्रांतीच्या ओघात ही यंत्रणा टाकून दिल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा एखाद्या बुरशीवर दरसाल असा फवारा मारत राहिलो तर यंत्रणा गमावलेला एखादा वंश निवडला जाऊ शकतो. बोंडअळीने आपल्याला बीटी कापसात काय शिकवले ते विदर्भाला विचारावे. तंत्र नवे म्हणून त्याला प्रतिकार निर्माण होणार नाही, असे समजणे शेतकऱ्याच्या पैशाशी खेळणे आहे.

महाराष्ट्रात बुरशीविज्ञानाची परंपरा जुनी आहे. उप्पल, पटेल आणि मा. ना. कामत यांनी १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या बुरशींची सूची छापली. पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जिवंत बुरशींचे संग्रह आहेत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन शोधले. ओळखणे, नाव देणे, जपणे, औषध काढणे यांत आपण मागे नव्हतो. ज्याच्याजवळ मातीतून आणलेले, नोंद ठेवलेले शेकडो वंश आहेत त्याच्यापाशी सायलेन्सिंगच्या अभ्यासाची खरी सामग्री आहे, कारण कोणत्या वंशाने यंत्रणा राखली आणि कोणी टाकली हे एका प्रयोगशाळेतल्या लाडक्या वंशावरून कधीच कळत नाही. वर्गीकरणाला जुनाट समजून जनुकशास्त्राकडे धावणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

पेण आणि रोह्याच्या मुलांसाठी या विषयाला आणखी एक दार आहे. इथे पावसाआधी राब भाजतात. पालापाचोळा, गवत, शेण अंथरून जाळतात आणि त्या भाजलेल्या जागेवर भाताची रोपे करतात. न्यूरोस्पोराचे लैंगिक बीजाणू वर्षानुवर्षे मातीत झोपून राहतात आणि साधारण ६० अंशांच्या उष्णतेने जागे होतात. म्हणून ती जळलेल्या रानात, ज्वालामुखीच्या राखेशेजारी आणि जाळलेल्या उसाच्या फडात सापडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमेश महेश्वरी यांनी दक्षिणेतल्या उसाच्या फडांत तिचे जीवनचक्र जवळून पाहिले होते. भाजलेल्या राबाच्या कडेला अर्धवट जळलेल्या काड्यांवर, पहिल्या सरीनंतर, नारिंगी भुकटी शोधायला जाणे हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही झेपणारा प्रकल्प आहे. त्याला लागते ती कागदी पाकिटे आणि नोंदवही.

या पुस्तकाची भूमिका यातून ठरली आहे. ते प्रयोगपुस्तिका नाही आणि शोधनिबंधांचा आढावाही नाही. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा कृषी शाखेचा पदवीधर, ज्याने डीएनए, आरएनए, प्रथिन हे शब्द ऐकले आहेत पण बुरशीच्या जनुकाला कधी हात लावलेला नाही, तो डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक तंत्राच्या आधी ते बुरशीत कशासाठी आहे याची हकीगत येते, तंत्र मागून येते. त्यामुळे घाईच्या वाचकाला थोडा उशीर होईल. तो उशीर मला मान्य आहे. संज्ञा जिथे मराठीत रुळल्या आहेत तिथे मराठीत ठेवल्या, जिथे प्रयोगशाळेत सगळे डायसर आणि वेक्टरच म्हणतात तिथे तेच ठेवले. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा उशिराचा करपा हे रोग शेतकऱ्याच्या भाषेत बुरशीचेच असले तरी ते करणारे जीव बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांच्यातल्या सायलेन्सिंगला इथे हात घातलेला नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

करून पाहण्याच्या भागात न्यूरोस्पोराच निवडली आहे. ती निरोगी माणसाला रोग करत नाही, साध्या माध्यमावर काही दिवसांत नारिंगी होते, आणि अल्बिनो-१ गप्प झाले तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. जादा जनुक घातलेली बुरशी ही जनुकीय बदल केलेली बुरशी असते, तेव्हा महाविद्यालयाने आधी संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्यावी, आणि तिचे बीजाणू हवेत फार पसरतात म्हणून संवर्धनपात्रे उघडी ठेवू नयेत. त्याच खोलीत इतर बुरशींची संवर्धने असतील तर न्यूरोस्पोराला वेगळी खोली द्यावी.